काचेपलीकडचा हात

गिंबाल, २ जून

ताताय,

हे पत्र तुमचे इंजिनरूममधले जोडीदार मानोंग डोलफो यांच्या बॅगेतून येईल. ते ११ तारखेला निघतील आणि डर्बनला तुमच्याच जहाजावर चढतील. नानाय त्यांच्याकडे सुक्या मासळीचं पुडकंही देणार आहे, तेव्हा कागदाला वास आला तर तो माझा दोष नाही.

फोन असताना कागद कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही गेल्यापासून माझ्या सहा संदेशांना उत्तर दिलेलं नाही. बायको म्हणून नानायला रोज अंगठ्याचं एक चित्र तरी येतं, मुलीला तेही नाही. शिवाय फोनवर तुम्ही कशालाही "हो, हो" म्हणता. १९ मेला नानायने विचारलं, "जेवलास का, बेर्तो?" तुम्ही म्हणालात, "हो, हो." मग तिने विचारलं, "तिकडे किती वाजले?" तरी "हो, हो." ती हसली आणि लाइन खराब आहे म्हणाली. लाइन खराब नव्हती. मी तिच्या शेजारीच बसले होते.

कागदावर "हो, हो" चालत नाही.

मी तुमच्या सुट्टीबद्दल लिहिणार आहे. १५ मार्च ते ६ मे, त्रेपन्न दिवस. क्लिनिकमधल्या दिवसाबद्दलही लिहीन, पण आज नाही. आज कामावरून आल्यावर पाय धुवायचंही जिवावर आलं आहे.

सुरुवात चांगली होती, हे नोंदवून ठेवते. विमानतळावर मी नमस्कार म्हणून तुमचा हात कपाळाला लावला तेव्हा तुमच्या बोटांना डिझेलचा वास नव्हता, साबणाचा होता. तुम्ही विमानातल्या साबणाने तीनदा हात धुतले होते, असं म्हणालात. घरी भेटवस्तूंचं खोकं उघडलं. गल्लीतली सगळी माणसं "सहज" डोकावून गेली आणि सहज चॉकलेटं घेऊन गेली. प्रत्येकाला तुम्ही तोच विनोद ऐकवलात: "सव्वीस वर्षं मी इंजिनात तेल घालून कान बिघडवतोय, आणि पोरगी क्लिनिकमध्ये बसून खलाशांचे कान मोजते. घरातल्या घरात धंदा!" लोक हसले. तिसऱ्यांदा मीही हसले.

सगळे गेल्यावर तुम्ही मला कोबेहून आणलेला कॅलिपर दिलात. आकडे दाखवणारा, मिलिमीटरच्या शतांशापर्यंत. "तुला मापं आवडतात ना, इंदाय," म्हणालात. मी "हो" म्हटलं आणि डबा बंद केला. मला त्याहून जास्त काही म्हणायचं होतं. जमलं नाही.

त्या रात्री टीव्हीचा आवाज अडतीसवर होता. एरवी आमच्याकडे तो चौदावर असतो.

"बेर्तो, चर्चपर्यंत बातम्या ऐकू जाताहेत," नानाय ओरडली.

"जाऊ देत! पाद्रीबाबांनाही कळू दे जगात काय चाललंय."

हा आकडा मी तेव्हाच मनात टिपला. सवय आहे.

३ जून

आज थोडंच लिहिते.

पहिले दहा दिवस तुम्ही घर दुरुस्त केलंत. नळ, मागचं दार, शिवणयंत्राचा पट्टा. मग दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही आणि तुम्ही स्वयंपाकघरात शिरलात. जहाजावर हत्यारं टांगायच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते म्हणे, म्हणजे काय जागेवर नाही ते लगेच कळतं. तुम्ही नानायच्या भिंतीवर खिळे ठोकलेत आणि तिच्या कढईची, दोन पातेल्यांची, तव्याची निळ्या तैलरंगात आकृती काढलीत.

"कढई काय पळून जाणार आहे?" ती म्हणाली.

"वादळात पळते."

"गिंबालमध्ये स्वयंपाकघर डोलत नाही, बेर्तो."

"तू डोलतेस ना. मला तुझी भीती आहे."

ती हसली. पण नंतर तुम्ही रोज सकाळी त्या भिंतीसमोर उभे राहायला लागलात, कमरेवर हात ठेवून. तवा पातेल्याच्या जागी दिसला की मला हाक मारायचात, तिला नाही. मी कामावरून आले की दार उघडायच्या आत, "इंदाय, तवा!" 

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पुढे जे लिहायचं आहे त्याला हे लागणार आहे, म्हणून लिहिते.

४ जून

हिगांतेस बेटांबद्दल.

तो १० एप्रिल. सुट्टीचा सत्ताविसावा दिवस. व्हॅनमध्ये पाच तास, मग होडी. तुम्ही म्हणालात, "सव्वीस वर्षं समुद्रात काढली, पण समुद्रकिनारा बघितला नाही." मला हे वाक्य आवडलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही.

ती दुपार सगळ्या सुट्टीतली सर्वांत चांगली. शिंपल्यांची पाटी समोर आली, तुम्ही एकेक शिंपला उघडून नानायच्या ताटात मांस टाकत राहिलात आणि स्वतः रिकामी कवचं एकावर एक रचत बसलात. तेवीस कवचांचा मनोरा झाला. नानाय म्हणाली, "लग्नाआधी असं करायचास. मग थेट आजच." तुम्ही म्हणालात, "मधे जहाज लागलं."

मग कराओके. तुम्ही जुनी तीन गाणी म्हटलीत. सूर पहिल्या ओळीपासून खाली होता, पण एक शब्द मागेपुढे झाला नाही. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही ऐकत नव्हतात. पडद्यावर शब्दांचा रंग पांढऱ्याचा पिवळा होत जातो ना, तो तुम्ही बघत होतात. शब्द पिवळा झाला की तोंडातून निघायचा. यंत्राने सत्त्याण्णव गुण दिले. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही उभे राहून वाकून नमस्कार केलात. मीही टाळ्या वाजवल्या. ते यंत्र सगळ्यांनाच नव्वदच्या वर गुण देतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतताना तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे होतात, होडीकडे पाठ करून, चप्पल धूत. होडीवाल्याने इंजिन सुरू केलं आणि होडी मागे घेतली. तो दोनदा ओरडला. पहिल्यांदा "बाजूला व्हा, काका!" आणि दुसऱ्यांदा नुसतंच ओरडला. मी वीस पावलांवर होते आणि मला दोन्ही ऐकू आलं. होडीला तोलासाठी बाजूने बांधलेला बांबू तुमच्या खांद्यावर आदळला आणि तुम्ही पाण्याखाली गेलात.

वर आलात ते हसत. "कानात पाणी गेलं होतं!" सगळे हसले. होडीवालासुद्धा, जरा उशिरा. मी तुमचे डोळे बघितले. ते हसत नव्हते. कोणी काय पाहिलं, हे ते मोजत होते.

व्हॅनमध्ये मी कॅलिपर काढून खांद्यावरचा काळानिळा डाग मोजला. तुम्ही म्हणालात, "दशांशात सांग हं." मी सांगितलं, "सहा पूर्णांक दोन सेंटिमीटर." मग खालच्या आवाजात, तुमच्या समोर बसून, ओठ दिसतील असं विचारलं, "ताताय, तुम्हाला ऐकू आलं नाही ना?"

"इंजिनरूममध्ये सगळेच बहिरे असतात, इंदाय. म्हणून तर तिथे धोक्याचा लाल दिवा फिरतो."

"दिवा पाठीमागे असला तर?"

"तर मान वळवायची."

एवढं बोलून तुम्ही मान वळवलीत, खिडकीकडे.

६ जून

काल नानायने विचारलं, रोज काय लिहितेस. मी म्हटलं, सुट्टीबद्दल. ती म्हणाली, "सुट्टीत माणूस आराम करायला येतो. तू पहिल्या दिवसापासून त्याला तपासत होतीस." मी म्हटलं, "नानाय, त्यांना किटलीची शिट्टी ऐकू येत नाही." ती म्हणाली, "मला माहीत आहे. मी काय वेडी आहे? मी शिट्टीचं टोपण काढून ठेवलं, म्हणजे त्याला वाईट वाटायला नको."

मी जाऊन बघितलं. खरंच, किटलीला टोपण नव्हतं.

७ जून

२७ एप्रिल. चव्वेचाळिसावा दिवस.

नव्या कराराआधीची तपासणी. नियमाप्रमाणे नातेवाइकाचे कान मी तपासायचे नसतात. मेलानी रजेवर होती. आपल्या आडनावाची माणसं क्लिनिकमध्ये वर्षाला चाळीस येतात, त्यामुळे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ही पहिली चूक, आणि ती फक्त माझी आहे.

तुम्ही काचेच्या त्या खोलीत बसलात. मी हेडफोन लावले. लाल उजवा, निळा डावा. तुमच्या हातात बटण दिलं. ठरलेलं वाक्य म्हटलं, "अगदी बारीक आवाज आला तरी दाबायचं." तुम्ही म्हणालात, "होय, मॅडम." मी दार लावलं.

माझ्या टेबलावर हाताच्या आड उभी करायची एक काळी फळी असते. समोरच्या माणसाला माझा हात दिसू नये म्हणून. दोन वर्षांत ती मी एकदाही विसरलेले नाही. त्या दिवशी ती भिंतीला टेकवून ठेवलेली होती आणि मला दिसत होती. मी ती घेतली नाही.

तुम्ही दुसऱ्या आवाजापासून माझ्या हाताकडे बघायला लागलात. चेहरा सरळ, नजर खाली. मी आवाज सोडला की अर्ध्या सेकंदात तुम्ही बटण दाबायचात आणि माझ्या टेबलावर तुमचा दिवा लागायचा. उजवा कान, चार हजार हर्ट्‌झ, पंचवीस डेसिबल. वीस वर्षांच्या मुलाचा कान. मी इंजिनरूमची माणसं रोज बघते. तिथून असा कान घेऊन कोणी येत नाही.

मग मी एक केलं. आवाज सोडला नाही, नुसता अंगठा हलवला.

तुमचा दिवा लागला.

त्यानंतर शंकेला जागा उरली नाही. यंत्र थांबवून, फळी लावून, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, असा नियम आहे. मी पुढचा आवाज सोडला. मग त्याच्या पुढचा. शेवटी पंचवीस लिहिलं, सही केली.

बाजारात बाचॉयचं शेवयांचं सूप खायला बसलो तेव्हा तुम्ही खुशीत होतात. हाडातली मज्जा जास्तीची मागितलीत, रस्सा परत मागितलात. वाढणाऱ्या बाईला म्हणालात, "पोरीने पास केलं मला!" मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, "ताताय, तुम्ही आवाज ऐकले नाहीत. माझा अंगठा बघितलात."

हे मात्र तुम्हाला एकदा सांगून कळलं. तुम्ही चमचा ठेवलात.

"मग लिहायचं नव्हतंस."

"लिहिलं म्हणून तर तुम्ही जाताय."

"म्हणजे तू मला भीक घातलीस," तुम्ही म्हणालात. "मला वाटत होतं, मी जिंकलो."

त्यानंतर नऊ दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तवा पातेल्याच्या जागी असला तरी हाक आली नाही. मी खरं लिहिलं असतं तर तुम्ही रागावला असतात, पण सरळ रागावला असतात. खोटं लिहून गप्प बसले असते तर तुमचा आनंद तरी टिकला असता. मी दोन्ही कामं अर्धी केली.

८ जून

आज मानोंग डोलफो पुडकं किती मोठं आहे ते बघायला आले. नानाय दुकानात गेली होती. ते भिंतीवरच्या निळ्या कढईकडे बघून हसले. "बेर्तोने घराचं जहाज केलं!"

मी त्यांना तुमच्या कानांबद्दल सरळ विचारलं. आधी ते "काही नाही, काही नाही" करत राहिले. मग म्हणाले, "तुझा बाप डोळ्यांनी ऐकतो, इंदाय. आम्ही सांभाळून घेतो. मागच्या खेपेला तो पंपावर वाकला होता, आणि वरून मी ओरडतोय की पंप आपोआप सुरू होणारेय, हात काढ. दिवा त्याच्या पाठीमागे. शेवटी शिडीवरून उडी मारून कॉलर धरून मागे ओढला. शर्ट फाटला. तो मलाच शिव्या घालायला लागला."

"आणि तुम्ही नसतात तर?"

"आता चाललोय ना मी! काळजी कशाला करतेस?"

"या महिन्यात नव्हतात."

त्यांनी पुडकं उचलून वजन बघितलं. जाताना दारात म्हणाले, "क्लिनिकमध्ये बोलू नकोस. जमिनीवर तो काय करेल? तू बघितलंस ना त्रेपन्न दिवस."

बघितलं. मला आठवलं, तुम्ही सुट्टीत एक शर्ट शिवत बसला होतात, कॉलरपाशी. मी विचारलं तर म्हणालात, खिळ्याला अडकला.

९ जून

मी फळी का लावली नाही, हे अजून लिहिलेलं नाही. गेले सात दिवस मी ते वाक्य टाळते आहे, हे तुम्हाला दिसलंच असेल; बघण्यात तुम्ही चुकत नाही.

दया आली म्हणून नाही. तुमची इच्छा होती म्हणूनही नाही. मी दमले होते. चव्वेचाळीस दिवस अडतीसवरचा टीव्ही, दारातच "इंदाय, तवा!", प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची आणि तिसऱ्यांदा तुम्ही हसून मान हलवली की समजायचं, पोहोचलं नाही. तुम्ही रोज भिंतीसमोर उभे राहायचात आणि मी रोज मोजायचे, किती दिवस उरले. फळी माझ्या डाव्या हाताला होती. मी विचार केला, हे नापास झाले तर ही सुट्टी संपणार नाही.

मला तुम्ही जायला हवे होतात. लिहून बघितलं, तर वाक्य लहानच निघालं.

६ मेला व्हॅन दहा मिनिटं आधी आली. टेबलावर तुमच्या आवडीचं फणस घातलेलं डुकराचं मटण होतं आणि तुम्ही अर्ध्या जेवणावरून उठलात. नानायने ताट फिरवलं. डोलफोंनी फिरवलं. जेवता जेवता कोणी प्रवासाला उठला की बाकीच्यांनी आपापलं ताट फिरवायचं, म्हणजे वाटेत त्याला काही होत नाही. लहानपणी मीच सगळ्यांच्या आधी फिरवायचे आणि रस्सा सांडायचे. त्या दिवशी मी चमचा धरून बसले. मी हे मानत नाही, तेव्हा कशाला फिरवू, असं स्वतःला सांगितलं. तुम्ही दारातून वळून बघितलंत. माझ्या तोंडाकडे नाही, ताटाकडे.

१० जून

आज सकाळी साडेआठला डॉक्टर पाल्मारेस यांना सगळं सांगितलं. फळी, अंगठा, पंचवीस. त्यांनी तुमचा कागद काढून समोर ठेवला.

"ही सही कोणाची आहे?"

"माझी."

"आणि हा तुझा कोण?"

"वडील."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "सहा आठवडे थांबलीस. आजच का?" मी शर्टाच्या कॉलरबद्दल सांगितलं. त्यांना ते कळलं की नाही, माहीत नाही.

उद्यापासून मी त्या खोलीत बसणार नाही. चौकशी होईपर्यंत जुन्या फाइली लावायच्या. या वर्षी माझ्या हातून गेलेल्या दोनशे अकरा तपासण्या ते पुन्हा बघतील. बघू देत, बाकीच्या बरोबर आहेत. कंपनीला पत्र उद्या संध्याकाळी जाईल. डर्बनला तुम्हाला बंदरावरच्या डॉक्टरकडे नेतील आणि तिथून बहुतेक घरी पाठवतील. कप्तान बोलावतील त्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं, एवढंच माझ्या हातात होतं. तुम्हाला न विचारता केलं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात आणि मी पुन्हा अर्धं काम केलं असतं.

नानायला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तो परत येणार. कायमचा." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "रडू का हसू, ते तरी मोजून सांग." मग ती उठली आणि ओल्या फडक्याने स्वयंपाकघराची भिंत पुसायला लागली. तेलाचे डाग निघाले. निळ्या खुणांवरून तिने फडकं हलक्या हाताने फिरवलं.

किटलीचं टोपण तिने परत बसवलं आहे. तुम्हाला ऐकू येणार नाही. पण आता आम्ही ते लपवणार नाही.

११ जून

मानोंग डोलफो जेवताहेत. नानायने त्यांना दुसऱ्यांदा भात वाढला आहे आणि ते "बस, बस, विमान उडणार नाही" म्हणताहेत. मी टेबलाच्या कोपऱ्यावर हे शेवटचं लिहिते आहे. माझ्याही पुढ्यात ताट आहे.

डर्बनला काचेच्या खोलीत बसवतील तेव्हा काचेकडे पाठ करून बसा. तिथले डॉक्टर म्हणाले नाहीत तरी. मुलं असतात वीस वर्षांची, त्यांनाही ऐकू येत नाही कधी कधी. ती बटण दाबत नाहीत, एवढंच. तुम्हीही दाबू नका. जो आकडा येईल तो येईल. तो मी मोजलेला नसेल.

घरी आलात की तुम्ही रागावलेले असाल. माझ्याशी बोलणार नाही. ते नऊ दिवस असेल की त्याहून जास्त, माहीत नाही. मी कामावरून आल्यावर आधी तवा जागेवर आहे का बघेन.

व्हॅनचा भोंगा वाजला. डोलफो उठायला लागले. ताट किती फिरवायचं असतं, पाव की अर्धं, मला आठवत नव्हतं. नानायला विचारलं.

"फिरवायचं," ती म्हणाली. "मोजायचं नाही."

तिने डोलफोंसाठी फिरवलं. मी माझं तुमच्यासाठी फिरवते आहे. छत्तीस दिवस उशीर झाला आहे.

थोडा रस्सा या कागदावर सांडला. तो डाग मासळीचा नाही.

इंदाय